समोरचा कोपरा

आयोवातल्या आमच्या गावात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना चिठ्ठी टाकत नाहीत. शाळेच्या हॉलमध्ये आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं, मग डोकी मोजतात.

"तुझ्या त्या बाईचा एक तरी निर्णय धड निघालाय का?" मी बायकोला म्हणालो.

"आणि तुझा तो? नुसती चिखलफेक! स्वतः काय करणार, ते कधी बोललाय?" आर्डिस फणकारली.

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मला तिचं पटलं. मोजणीआधी गुपचूप तिच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो, तर ती समोर, माझ्या कोपऱ्यात उभी राहून मला शोधत होती.

गाडीत बसल्याबसल्या पुन्हा जुंपली. वाक्यं तीच होती. फक्त तिची मी म्हणत होतो आणि माझी ती.