पाहुण्यांची घोंगडी

बालसुधारगृहातून सुटलेल्या बिरदेवाला घेऊन त्याचे स्वयंसेवी मार्गदर्शक, निवृत्त सुभेदार मानसिंगराव, साताऱ्याहून आटपाडीजवळच्या मेंढपाळवस्तीवर पोहोचले. भांडणात बिरदेवाने भिरकावलेल्या दगडाने सख्ख्या चुलत्याचा मुलगा गेला होता; तरीही पिता पुत्राला पोटाशी धरील, अशी सुभेदारांची श्रद्धा होती. पित्याने आदरपूर्वक घोंगडी अंथरली. "बसा, सुभेदारसाहेब." त्या घरी घोंगडी केवळ पाहुण्यांसाठी अंथरीत, घरची माणसे भुईवरच बसत. बिरदेव सवयीने आईजवळ भुईवर टेकला. पित्याने मान खाली घातली. "तिथं नगं, पोरा. घोंगडीवर बस." आईने तोंडाला पदर लावला. सुभेदार कळवळले. "आवं, लेकरू हाय तुमचं!" "व्हय. पर शेजारी भावाचं घर हाय. वैनीला रोज कसं तोंड दावू?" बिरदेव उठून घोंगडीच्या कडेला बसला. तांब्यातले पाणी पिऊन त्याने हलकेच विचारले, "साहेब, परतीची यष्टी कवा हाय?"