दिपूची साक्ष

सून पाटी जराशी कलती धरते, हे नत्थूजींनी आज नक्की पकडलं.

पाटीवर फोटो चिकटवलेले होते. पाण्याचा ग्लास, पोळी, खाट, घरातल्या सगळ्यांचे चेहरे. पूनम पाटी पुढे करायची आणि आठ वर्षांची दिपाली, घरातली दिपू, थरथरता हात उचलून एखाद्या फोटोवर आपटायची. हेच तिचं बोलणं, असं पूनमचं म्हणणं. आजही तिनं विचारलं, "कुठं जाचं बेटा?" आणि दिपूचा हात थेट नागपूरच्या, अशा लेकरांना शिकवणाऱ्या सेंटरच्या फोटोवर गेला. पाटी कलली की हात हवा तिथं पडतो; नाहीतर लेकरानं नेमकं मायच्याच मनातलं सांगावं? बंगईवर झोके घेत बसलेल्या नत्थूजींना दाळीत काहीतरी काळं दिसलं.

दिपूचा आजार जन्मापासूनचा. जनुकांचा, हजारो लेकरांत एखाद्यालाच होणारा. त्याचं इंग्रजी नाव नत्थूजींच्या जिभेवर कधी बसलंच नाही. पोर चालताना डुलायची, कशालाही हसायची, आणि तोंडातून शब्द एकही नाही. डॉक्टर म्हणाले होते, बोलता येणार नाही, पण समजतं तिला. डॉक्टरांचं काय जातं म्हणायला. नत्थूजींनी मात्र नात वेडी आहे असं मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं, आणि त्याचं दुःखही एकट्यानं करून झालं होतं.

पूनमला वर्षभर नागपूरला खोली करून राहायचं होतं, म्हणजे सेंटरमध्ये रोज शिकवणी झाली असती. तिचा नवरा भूपेंद्र म्हणाला होता, "बाबा हो म्हनतीन तं जा." आणि बाबा काही हो म्हणत नव्हते. सगळा जन्म संत्र्याच्या बगीच्यात गेलेला माणूस. पेटीत वर टपोरी फळं आणि खाली बारकी, हे खेळ त्यांनी पुष्कळ पाहिले होते. तळापर्यंत हात घातल्याशिवाय पेटी उचलायची नाही, हा त्यांचा कायदा. सुनेला वेगळं बिऱ्हाड करायचंय आणि त्यासाठी मुकी पोर पुढं केलीय, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

म्हणून दुपारी त्यांनी सापळा लावला.

सौंसरहून आणलेल्या संत्रा बर्फीची एकच वडी डब्यात उरली होती. पूनम आणि तिची सासू पंचफुलाबाई मागच्या अंगणात गहू निवडत होत्या. नत्थूजींनी डबा उघडून दिपूसमोर ठेवला आणि दाराआड जाऊन फटीला डोळा लावला. स्वतःच्या नातीवर पाळत ठेवायची म्हणजे जराशी लाज वाटली, पण एकदाचा सोक्षमोक्ष लागलेला बरा. दिपूनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि अख्खी वडी तोंडात कोंबली.

तिनं ती गिळेपर्यंत नत्थूजी थांबले. मग बाहेर येऊन बायकोला हाक मारली. "अवो भूपेंद्रची माय, पाटी घेऊन ये इकडं. आज तू इचार इले. पूनम, तू तिथंच थांब, दारात."

पाटी त्यांनी जमिनीवर सपाट ठेवायला लावली. आता कलायचा प्रश्नच नव्हता. पंचफुलाबाई खाली बसल्या आणि त्यांना रिकामा डबा दिसला.

"दिपू, बर्फी कोनं खाल्ली व माय?"

दिपूचा हात वर आला. स्वतःच्या फोटोवर घुटमळला आणि पुढे सरकला. मग तिनं आजोबांकडे पाहिलं, खुदकन हसली आणि नत्थूजींच्या फोटोवर दणकन हात आपटला.

नत्थूजींना गड जिंकल्यासारखं वाटलं. साफ चुकली होती पोर. तसं सांगायला ते तोंड उघडणार, तोच पंचफुलाबाई कडाडल्या.

"साखर वाढली म्हून डॉक्टर वरडून राह्यला, अन् तुमी लेकराच्या वाट्याची बर्फी खाऊन राह्यले? मांगं पेढे बी असेच गायब झाले होते."

"म्या हात बी नाही लावला."

"मंग पोरगी खोटं बोलते काय?"

चोर सोडून संन्याशाला फाशी. नत्थूजी चिडून दिपूकडे वळले. दिपू आता हसत नव्हती. श्वास धरून त्यांच्याकडे टक लावून पाहत होती, हा म्हातारा आता सांगतो की काय, अशी. वडी आपण खाल्ली, ते कळलं तर बोलणी बसतील, आणि गोड चोरण्यात या घरात कोणाचं नाव बदनाम आहे, हे सगळं तिला ठाऊक होतं. भूपेंद्रही त्या वयात चोरी करून अगदी असाच पाहायचा. नत्थूजींचा जीव गलबलून आला. पोरीला वेडी समजलो आणि सुनेला कपटी, आपल्यासारखा करंटा आपणच, असं त्यांना वाटलं.

दारातून पूनमचा आवाज आला. पडलेला, थकलेला. "बाबा, खरं सांगा. तुमी नसान खाल्ली, तं पाटी खोटी. मंग मी नागपूरचं नाव नाही घेनार."

दिपूच्या हनुवटीला बर्फीचा पिवळा चुरा चिकटला होता. नत्थूजी गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. नातीला जवळ ओढलं आणि कोणाला दिसायच्या आत आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकानं तिचं तोंड पुसून टाकलं.

"पोरगी खरं बोलून राह्यली," ते म्हणाले. "म्याच खाल्ली. पूनम, भूपेंद्रले फोन लाव, नागपूरले खोली पाहाय म्हन."