रणगाड्याचं झाकण

एकाहत्तरच्या लढाईत वाल्मीक रणगाड्यात जळून गेला. त्याला फौजेत जायचंच नव्हतं. वडिलांनी, निवृत्तीरावांनी, हट्टानं पाठवला होता.

काही वर्षांनी ओझरच्या विमान कारखान्यातल्या एका मित्रानं त्यांना प्लास्टिकच्या छोट्या रणगाड्याचे सुटे भाग परदेशातून आणून दिले. निवृत्तीरावांनी ते चिकटवले आणि त्यांना हिरवा रंग दिला. वरचं झाकण तेवढं उघडमिटीचं ठेवलं.

रंग वाळला त्या दुपारी आतून खोकल्याचा आवाज आला.

"वाल्मीकच आहे," त्याची आई मालनबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हीच धाडलंत. आता तुम्हीच बाहेर काढा."

निवृत्तीरावांनी नखानं झाकण उचललं. ते जेमतेम उघडलं, तोच आतून कोणीतरी ते खाली ओढून घट्ट लावून घेतलं.