मानेचा पहिला मणका

"आ कर, अजून मोठा," म्हणत एक्स-रेवाल्या दादांनी टेबलावर झोपवलेल्या शाल्मलीच्या उघड्या तोंडातून मानेचा फोटो काढला. दाराबाहेर आई काकूला पुन्हा सुनावत होती, "फरशी ओली सोडून गेलीसच कशी? पोरगी घसरली ना."

डॉक्टरांनी फोटो पाहून दोघींना आत बोलावलं. "मानेचा पहिला मणका फुटून दोन्हीकडे सरकलाय. नुसतं घसरून सहसा असं होत नाही, भार सरळ डोक्यावर आला की होतं. पाण्यात सूर मारलास का गं?"

काल कालव्यावर पोरं म्हणाली, "तुला नाही जमायचं," आणि कंबरभर पाण्यात तिनं सगळ्यांआधी सूर मारला होता. घरी मात्र तिनं काकूनं नुकत्याच पुसलेल्या फरशीचं नाव पुढे केलं. आता मानेच्या पट्ट्यामुळे तिला तोंडही फिरवता येईना. काकू समोरच उभी होती.

"काकू, मी फरशीवर पडलेच नाही. खोटं बोलले मी."

आई मटकन खुर्चीत बसली. शाल्मलीचे अश्रू ओघळून कानांत जाऊ लागले. काकूनं पदरानं आधी एक कान पुसला, मग दुसरा.

"हलू नकोस. बरी हो, मग बघते तुझ्याकडे."