हाच बांधा

पोलीस ॲक्शननंतर मुंजाजीनं आणि मी भागीत लाऊडस्पीकर घेतला. जेवण एका ताटात, ओझं तेवढं माझ्या डोक्यावर.

स्पीकरचा पडदा फाटला, तेव्हा दुसरा निवडायला परभणीला गेलो. मुंजाजी दुकानात माइकवर बोलणार, मी रस्त्यापलीकडून खर्ज ऐकणार.

पहिला स्पीकर घरघरला.

दुसऱ्यावर मुंजाजी म्हणाला, "हॅलो, हॅलो."

स्पीकरमधून माझा आवाज आला. "मुंजाज्या, हात सोडू नको रे. लय पाणी हाय."

मी तर तोंड मिटून सुपारी चघळत होतो.

"खर्ज लाजवाब हाय," दुकानदार म्हणाला.

मुंजाजीनं माझ्याकडं पाहिलं नाही. "हाच बांधा."

मग रस्ता ओलांडून येऊन त्यानं प्रेमानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "आज आगगाडी नको गड्या. गोदागंगेतून नावेनं जाऊ."