निम्मं तरी जुळतंच

डुकरांवर किडनीरोपणाचे प्रयोग करणारी लेक बाबांच्या मागे लागली होती. "आईबापाचं नि लेकराचं निम्मं तरी जुळतंच, बाबा. एकदा तपासू तर द्या, माझी किडनी देते."

"मी काय डुक्कर आहे?" बाबा हसून टाळायचे. टाळता टाळताच गेले.

महिन्याभराने डुकरिणीची किडनी बसवलेलं तिचं पिल्लू आठवड्यातच दगावलं. तपासलं तर जुळणी शून्य. तिने चारदा तपासलं, मग डुकरांची देखभाल करणाऱ्या मामांना गाठलं.

"शून्यच येणार, ताई. त्याची आई मेली म्हणून हिच्या अंगावर पाजलेलं ते. हिने भेद केला नाही, मग मी कशाला नोंद करू?"



घरी येऊन तिने बाबांचा जपून ठेवलेला कंगवा धुऊन टाकला. तपासायला एक केसही ठेवला नाही.