आर्लोची जागा

चर्चच्या तळघरातलं मतदान उरकल्यावर आर्लोने आपली लोखंडी खुर्ची मिटली. “पुढच्या वेळी मी नाही बसणार. कंबर कामातून गेली.” समोरच्या डेल्मरचा कॉफीचा कप तोंडाशीच थांबला. नियमाने केंद्रावर दोन्ही पक्षांचा एकेक माणूस लागायचा. गावात डेमोक्रॅट म्हणून आर्लो एकटाच उरला होता, बाकी सगळे रिपब्लिकन. तो उठला की काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, अधिकारी हे केंद्र बंद करणार आणि म्हाताऱ्यांना मतासाठी बर्फातून चाळीस मैल जावं लागणार. “अरे, बसून झोप काढ,” डेल्मर म्हणाला. “घोरलास तरी आम्ही रिपब्लिकन तक्रार करणार नाही.” “नाही जमत रे,” आर्लो पुटपुटला. डेल्मरने आर्लोची मिटलेली खुर्ची उघडली आणि तिच्यावर स्वतःच बसला. “बरं, तुमच्या पक्षात यायला कुठे सही करायची? बायकोला सांगू नकोस.” “पन्नास वर्षं तुला पटवताना घसा बसला, गाढवा. आता आलास, तर मी शिव्या कुणाला देऊ?”